पोस्ट पुराची, नाव शेजारणीचं

वाचकाचं पत्र

ताई, मी बडोद्यात समाजशास्त्रात पीएच.डी. करते आहे. ऑगस्ट २०२४च्या पुरात लोकांनी मोबाइलवरून एकमेकांना मदत कशी मिळवून दिली, यावर पहिला शोधनिबंध लिहिलाय. निबंध इंग्रजीत आहे. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स आणि आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सगळीकडचा मजकूर वापरलाय. फोनमध्ये स्क्रीनशॉटचा ढीग पडलाय. गाइड सर म्हणाले, "सोशल मीडिया हा काही संदर्भ नाही, काढून टाका हे सगळं." मैत्रीण म्हणते, एपीएत (संदर्भ देण्याची एक ठरलेली पद्धत) सरळ फॉरमॅट दिलाय, टाकून मोकळी हो. त्यातल्या काही पोस्ट आता उघडतच नाहीत. आणि एक पोस्ट आमच्या मागच्या गल्लीतल्या एका बेनची आहे. आजारी सासूला घेऊन त्या माळ्यावर बसल्या होत्या आणि घर नंबर, मोबाइल नंबर टाकून त्यांनी मदत मागितली होती. निबंधातला सगळ्यात बोलका पुरावा तोच. नावासकट दिला तर चालेल ना? पोस्ट पब्लिकच होती.
– गोंधळलेली, कारेलीबाग

उत्तर

गोंधळलेली,

आधी सरांचं बघू, कारण सही त्यांची लागणार आहे.

तुझा निबंध मी वाचलेला नाही, तरी त्यात दोन तऱ्हेच्या पोस्ट असणार हे पैजेवर सांगते. एके ठिकाणी तू लिहिलं असशील की विश्वामित्री नदीचं पाणी अमक्या रात्री इतक्या फुटांवर गेलं, आणि आधाराला कुणाची तरी एक्सवरची पोस्ट दिली असशील. दुसरीकडे लिहिलं असशील की लोक रात्रभर सोसायटीचं नाव टाकून दूध, इन्सुलिन, होडी मागत होते, आणि आधाराला तशीच एखादी मागणी. पहिल्या जागी सर शंभर टक्के बरोबर आहेत. नदीची पातळी काळा घोड्याच्या पुलापाशी बघतात, आजवा सरोवराची वेगळी नोंदतात, आणि त्या नोंदी महापालिकेकडे आणि सरकारी खात्यांकडे असतात. पावसाळ्यात इथे चहाच्या आधी आजव्याची पातळी विचारतात हे मलाही ठाऊक आहे. पण ज्याने ती फेसबुकवर टाकली त्याला ती कुठून कळली, हे तुला ठाऊक नाही. असे आकडे पोस्टवरून उचलायचे नाहीत. सरांनी तिथे लाल रेघ मारली असेल तर मुकाट्याने मान्य कर.

दुसऱ्या जागी मात्र सरांचं म्हणणं टिकत नाही. लोकांनी फेसबुकवर मदत मागितली, या विधानाला फेसबुकवरच्या मागणीपेक्षा जवळचा पुरावा कुठला आणणार? दुसऱ्या दिवशीच्या पेपरातली बातमी? ती लिहिणाऱ्यानेही बहुधा त्याच पोस्ट बघून लिहिली असेल. तुझ्या निबंधाचा विषयच या पोस्ट आहेत. ज्या गोष्टीचा अभ्यास चाललाय तीच काढून टाकली तर मागे काय राहील?

तेव्हा सरांशी वाद घालू नकोस, वेगळं करून दाखव. कागदावर एका बाजूला निबंधातलं वाक्य लिही, दुसऱ्या बाजूला ते ज्या पोस्टवर उभं आहे ती पोस्ट. जिथे पोस्ट जगाबद्दल काही सांगते आणि ते दुसऱ्या कुणी जास्त जबाबदारीने नोंदवून ठेवलंय, तिथे पोस्ट जाईल, नोंद येईल. जिथे पोस्ट हीच घटना आहे तिथे ती राहील. आणि पद्धतीच्या प्रकरणात अर्धं पान दे: कोणकोणत्या ठिकाणच्या पोस्ट घेतल्या, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठले शब्द आणि हॅशटॅग टाकून शोधल्या, गुजरातीत शोधलं की मराठीत की इंग्रजीत, किती सापडल्या, त्यातल्या कुठल्या सोडल्या आणि का. माझा अनुभव असा, की गाइड "काढा" म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यांना पोस्टचा जाच नसतो. ती कशी निवडली हे लिहिलेलं नसतं त्याचा असतो. फोन चाळता चाळता डोळ्यांत भरलेल्या पोस्ट म्हणजे नमुना नव्हे.

त्याच अर्ध्या पानात हेही कबूल कर की या पोस्टमध्ये कोण नाही. वीज गेल्यावर ज्यांचे फोन बंद पडले ते नाहीत. नदीकाठच्या वस्तीतल्या ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नव्हता ते नाहीत. ज्यांनी थेट शेजारच्या गच्चीवर हाक मारली तेही नाहीत. तू 'बडोदेकरांनी' असं लिहिलं असशील तिथे 'फेसबुकवर लिहू शकलेल्या बडोदेकरांनी' असं करावं लागेल. वाक्य जरा अवघड होईल, पण परीक्षक बाहेरचा असेल तर पहिला प्रश्न तो इथलाच काढेल.

आता फॉरवर्ड. पुराच्या दिवसांत तुझ्या ग्रुपवर 'धरण फुटलं'छापाचा एखादा मजकूर फिरला असेल तर त्याला लेखकच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण दिसते. अफवा फार फिरतात म्हणून त्यांनी भारतात २०१८ साली एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादाही आणली. पण पहिल्यांदा तो कुणी लिहिला हे ना तुला कळणार, ना मला. असा फॉरवर्ड बखरीसारखा वाचावा. इतिहासाचा अभ्यास करणारे बखर फेकून देत नाहीत, आणि बखरीवरून लढाईची तारीखही ठरवत नाहीत. लोक तेव्हा काय मानत होते, कशाला घाबरत होते, हे कळायला ती सोन्यासारखी असते. तुझ्या फॉरवर्डचंही तेवढंच काम. 'अशी अफवा फिरत होती' हे सांगायला तो चालेल, धरणाचं काय झालं हे सांगायला चालणार नाही.

चित्रांचं आणखी वाईट. पाण्याखाली गेलेल्या हमरस्त्यावर मोटारीशेजारून पोहत जाणाऱ्या शार्कचा एक बनावट फोटो आहे. २०११ साली प्युर्तो रिकोच्या पुराचा म्हणून तो फिरला, आणि पुढे अमेरिकेत कुठलंही वादळ आलं की गावाचं नाव बदलून परत. २०१७ साली ह्यूस्टनच्या पुरातही तो हजर होता. आपल्याकडे शार्कची गरज नाही, मगरी खऱ्याच आहेत आणि २०२४ला त्या रस्त्यावर आल्याही होत्या. म्हणूनच जास्त जपायला हवं. खऱ्या शंभर व्हिडिओंत एक जुना किंवा दुसऱ्या गावचा सहज खपून जातो. बडोद्यात २०१९लाही मोठा पूर आला होता, तेव्हाचे व्हिडिओ कुठे गेलेत? कुणाच्या तरी फोनमध्येच आहेत. व्हिडिओ वापरणार असशील तर दुकानाची पाटी, पुलाचा कठडा, उड्डाणपुलाचं काम कुठवर आलंय, अशा खुणांवरून जागा आणि साल ताडून घे. शहर पायाखालचं आहे, हा तुझा मोठा फायदा. आणि ज्या पेजवर व्हिडिओ दिसला ते पेज त्याचं मालक असेलच असं नाही. मूळ टाकणारा सापडला तर त्याचा संदर्भ द्यायचा, नाही तर 'अमुक पेजवर पुन्हा टाकलेला' असं सरळ लिहायचं.

काही पोस्ट उघडत नाहीत म्हणतेस. उघडणार नाहीतच. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ साली एक अभ्यास मांडला. २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. ट्विटरवरच्या पोस्टचं तर असं निघालं की जवळजवळ पाचातली एक काही महिन्यांतच दिसेनाशी होते, आणि बहुतेक वेळा पोस्ट काढलेली नसते. अख्खं खातंच बंद, खासगी किंवा निलंबित झालेलं असतं. तुझ्या वयाला ऑर्कुट आठवणार नाही, पण ३० सप्टेंबर २०१४ला ते बंद झालं तेव्हा कितीतरी मराठी कट्टे त्याबरोबर गेले. जून २०२०मध्ये आपल्या सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्याआधीच्या निबंधांतले टिकटॉकचे दुवे इथून दाबून बघ. आणि तुझ्या नशिबाचा भाग म्हणजे, फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या सार्वजनिक पोस्ट धुंडाळायला संशोधक आणि पत्रकार वापरत ते क्राउडटँगल नावाचं साधन त्यांच्या मालक कंपनीने, मेटाने, बंद केलं १४ ऑगस्ट २०२४ला. विश्वामित्री त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत पात्राबाहेर आली.

म्हणून पोस्ट सापडली की त्याच बैठकीत ती ठेवून द्यायची. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पानाचा पत्ता टाकून प्रत जतन करता येते, आणि त्या प्रतीचा पत्ता संदर्भात देता येतो. पण फेसबुक आणि इन्स्टाग्राम लॉग-इनशिवाय फारसं काही दाखवत नाहीत, त्यामुळे तिथे बऱ्याचदा कोरं पान साठवलं जातं. जतन झाल्यावर उघडून बघ. कोरं असेल तर तुझा स्क्रीनशॉट हाच आधार, आणि तिथेच तुझी खरी पंचाईत आहे.

तुझे स्क्रीनशॉट मी पाहिलेले नाहीत, पण मुलांचे मी पुष्कळ पाहिलेत. फोन बंद पडायच्या भीतीने घाईत काढलेले, वरचं नाव अर्धं कापलेलं, आणि नावाखाली तारखेऐवजी नुसतं '१७ ता.' म्हणजे सतरा तासांपूर्वी. कुठल्या क्षणापासून सतरा? स्क्रीनशॉट कधी काढला हे फोनच्या गॅलरीत 'तपशील' उघडलं तर मिळेल, त्यातून सतरा वजा कर. अंदाजे वेळ तरी हाती येईल. पोस्ट अजून जागेवर असेल तर संगणकावर फेसबुक उघडून नावाखालच्या वेळेवर माउसचा बाण ने, पूर्ण तारीख आणि वेळ दिसते. एक्सच्या दुव्याच्या शेवटी जो लांबलचक आकडा असतो त्यात पोस्टची वेळच गुंफलेली असते. पोस्ट उडाली तरी आकडा लिहून ठेवलेला असेल तर वेळ काढता येते. फेसबुकवर 'संपादित' असं दिसलं तर कुठला पाठ घेतलास हेही नोंद.

वेळेचा एवढा कीस काढायचं कारण तुझ्याच विषयात आहे. लोकांची हाक आधी गेली की सरकारी इशारा, असा प्रश्न तू कुठेतरी विचारला असशीलच. समजा, कुणी २८ ऑगस्टला रात्री दोनला लिहिलं. आपली घड्याळं जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे त्या हिशेबाने ती पोस्ट २७ ऑगस्टच्या रात्री साडेआठची होते. काही साधनं डेटा उतरवताना जागतिक वेळच देतात. एक पोस्ट फोनवरून उतरवलेली, दुसरी अशा साधनातून, आणि तुझ्या तक्त्यात हाकेची तारीख बदलली. निबंधात एकदाच लिही की सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेत आहेत, आणि मग त्या खरोखर तशा कर.

मैत्रिणीचा फॉरमॅट. हा भाग सोपा आहे म्हणूनच सगळे त्याच्यावरच बोलत बसतात. एपीएच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे २०१९च्या, असं आहे: खात्याच्या मालकाचं नाव, चौकटी कंसात हँडल, वर्ष-महिना-दिवस, मग शीर्षकाच्या जागी पोस्टचे पहिले वीस शब्द, चौकटी कंसात प्रकार, साइटचं नाव आणि दुवा. म्हणजे असं दिसेल:

कार्यालयाचं नाव [@हँडल]. (२०२४, ऑगस्ट २८). पोस्टचे पहिले वीस शब्द [पोस्ट]. एक्स. दुवा

हॅशटॅग एक शब्द, इमोजी एक शब्द. इमोजी छापता येत नसेल तर चौकटी कंसात शब्दांत सांगायचा. शुद्धलेखन सुधारायचं नाही. ट्विटरचं नाव 'एक्स' झालं जुलै २०२३मध्ये, त्यामुळे पुराच्या पोस्टना 'एक्स' आणि २०१९च्या पुराच्या पोस्ट घेतल्यास तेव्हाचं 'ट्विटर', असं ठेव. सगळीकडे एकच पद्धत पाळ म्हणजे झालं. एमएलए आणि शिकागो या दुसऱ्या पद्धतींचं वेगळं आहे, शिकागोवाले तर अशा पोस्ट बहुतेक वेळा तळटीपेतच ठेवतात. पण तुझं नियतकालिक एपीए मागत असेल तर बाकीच्यांत डोकं घालू नकोस.

आपल्याकडची अडचण त्या पुस्तिकांत नाही. बडोद्यातला माणूस सकाळी गुजराती लिपीत लिहितो, दुपारी रोमन अक्षरांत गुजराती, आणि घरच्या ग्रुपवर देवनागरीत मराठी, त्यात 'पाणी आवी गयुं' मिसळून. त्यानं जसं लिहिलंय तसंच ठेव. रोमन अक्षरांतलं गुजराती तू गुजराती लिपीत 'नीट' करून दिलंस तर ते त्याचं लिहिणं राहत नाही. मूळ मजकूर, त्याखाली चौकटी कंसात इंग्रजी भाषांतर, आणि भाषांतर तू केलंस हे एकदा सांगायचं.

हे सगळं महापालिकेला, पोलिसांना, आमदार-खासदारांना, वर्तमानपत्रांच्या खात्यांना लागू आहे. ती माणसं आणि ती कार्यालयं लोकांसमोर आपल्या पदाच्या नावाने बोलतात. त्यांचं नाव, हँडल, तारीख सगळं दे, आणि त्यांनी मागाहून पोस्ट काढली असेल तर जतन केलेल्या प्रतीचा दुवा बिनदिक्कत दे. काढली, हीच तुझ्या निबंधातली एक नोंद होऊ शकते.

मागच्या गल्लीतल्या बेनचं मात्र नाव द्यायचं नाही. 'पब्लिकच होती' म्हणतेस. होती ना. त्या रात्री त्यांना ती जास्तीत जास्त लोकांनी बघायला हवी होती, होडीवाल्याने, फायर ब्रिगेडने, ओळखीच्या कुणी. तू दोन वर्षांनी इंग्रजी नियतकालिकात ती छापावीस म्हणून त्यांनी घर नंबर टाकला नव्हता. केसी फिस्लर आणि निकोलस प्रोफेरेस या अभ्यासकांनी ट्विटर वापरणाऱ्यांनाच विचारलं, त्यांचा निबंध २०१८चा आहे. बहुतेकांना आपल्या पोस्ट संशोधक वापरू शकतात याचा पत्ताच नव्हता, आणि आधी विचारायला हवं असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. लिहिणारा मनात जे वाचक धरून लिहितो त्यांत तू नसतेस.

कायद्याचं म्हणशील, तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३, हा माणसाने स्वतः जाहीर केलेल्या स्वतःच्या माहितीला लागू होत नाही. संशोधनालाही त्यात अटींसह मोकळीक आहे. पण 'स्वतःच्या' या शब्दापाशी थांब. सासूबाईंचं आजारपण सासूबाईंनी जाहीर केलेलं नाही. सुनेने केलं, जीव वाचवायला. त्या म्हातारीला कुणी विचारलेलं नाही, आणि तुझ्या निबंधात सगळ्यात नाजूक माहिती तिचीच आहे. वकील यावर काय म्हणेल ते म्हणेल. तुझ्या जागी मी असते तर एवढ्यावरच पेन थांबलं असतं.

नुसतं नाव गाळून भागत नाही, हेही सांगते. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एका विद्यापीठातल्या एका तुकडीच्या, सुमारे १७०० विद्यार्थ्यांच्या, फेसबुक प्रोफाइलचा डेटा नावं काढून सगळ्यांसाठी खुला केला. विद्यापीठाचं नावही झाकलं होतं. मायकेल झिमर या अभ्यासकाने डेटाबरोबर दिलेलं माहितीपत्रक आणि संशोधकांचीच जाहीर वक्तव्यं चाळून ते हार्वर्ड असल्याचं शोधून काढलं. प्रत्यक्ष डेटा उघडायचीही गरज पडली नाही. आणि आपल्याकडे तर कारेलीबाग, माळा, आजारी सासू एवढं म्हटलं तरी तुमच्या गल्लीत वाचणारा प्रत्येक जण 'अगं, ही तर' म्हणेल. परक्या माणसापासून लपवणं सोपं आहे, शेजाऱ्यापासून अवघड. निबंध कोण वाचतंय, असं मनात आलं असेल. निबंध प्रबंधात जाईल, प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे आपल्या विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, जाईल, आणि शोधगंगा कुणालाही फुकट उघडता येते. बेनच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी कुणी त्यांचं नाव शोधलं तर फोन नंबरासकट ती रात्र वर येणार.

मग तो बोलका पुरावा सोडायचा? नाही. इथे इंग्रजीत लिहिणं तुझ्या उपयोगी पडतं. मूळ गुजराती वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधलं तर पोस्ट सापडू शकते, पण तू केलेल्या इंग्रजी भाषांतरावरून तिथवर पोचणं बरंच कठीण. वर मी मूळ मजकूर द्यायला सांगितलं ते कार्यालयांच्या आणि पुढाऱ्यांच्या पोस्टसाठी. खासगी माणसांची मूळ वाक्यं निबंधात देऊ नकोस. फक्त भाषांतर दे, तेही थोडं सैल. मूळ तुझ्याकडे कुलपात राहील, परीक्षकाने मागितलं तर गाइडसमोर दाखवायचं. कारेलीबागेच्या जागी 'नदीच्या पूर्वेकडची एक वसाहत' चालेल. सासूच्या जागी 'एक आजारी ज्येष्ठ नातलग'. घर नंबर आणि फोन नंबर कुठल्याही रूपात नकोत, स्क्रीनशॉट छापणार असशील तर त्यातही नकोत; काळी पट्टी मारताना खालच्या कॉमेंटमध्ये तोच नंबर कुणी पुन्हा लिहिलाय का तेही बघ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, असं पद्धतीच्या प्रकरणात लिही, म्हणजे ते बनवाबनवी ठरत नाही. अशा पोस्ट संदर्भसूचीत येतच नाहीत. त्या तुझा डेटा आहेत, 'पोस्ट ७', 'पोस्ट १२' असे क्रमांक दे. मैत्रीण जो फॉरमॅट सांगते तो इथे बसत नाही, आणि एपीएसुद्धा संशोधनात सहभागी झालेल्यांची वाक्यं संदर्भसूचीत घालायला सांगत नाही.

त्यांची परवानगी मिळाली तर उत्तमच, आणि त्या शेजारीच आहेत. पण आईला बरोबर नेऊ नकोस. शेजारधर्माखातर त्यांना नाही म्हणता येणार नाही. गुजरातीतच बोल. सासूबाई कशा आहेत ते आधी विचार, निबंधाचं नंतर काढ. ज्या शब्दांत छापणार ते भाषांतर त्यांच्यासमोर गुजरातीत वाचून दाखव. नको म्हणालात तरी चालेल आणि आज हो म्हणून अमुक तारखेपर्यंत विचार बदललात तरी चालेल, हे तुझ्या तोंडून गेलं पाहिजे. नावासकट द्या, असा आग्रह त्यांनीच धरला तर? काही माणसांना आपण काय सोसलं ते आपल्या नावाने लिहिलेलं हवं असतं, आणि ते योग्यच आहे. मग नाव दे, पण सासूबाईंचं त्यांना वेगळं विचार. आणि त्यांनी ती पोस्ट आता काढून टाकलेली असेल तर हा प्रश्नच संपला. कार्यालयाने काढलेली पोस्ट आपण दाखवतो. घाबरलेल्या बाईने काढलेली दाखवत नाही.

सोसायटीच्या ग्रुपचं थोडक्यात: तू त्यात आहेस की आई? आईच्या फोनवरून वाचलं असशील तर त्यातलं एक अक्षरही घ्यायचं नाही. तू सदस्य असलीस तरी अ‍ॅडमिनची परवानगी म्हणजे सगळ्यांची परवानगी नव्हे. ग्रुपवर सरळ लिही, काय करतेयस आणि कशासाठी ते सांग. ज्यांनी हो म्हटलं त्यांचंच घे. एखादा मेसेज तुला कुणी वैयक्तिक पाठवला असेल आणि फक्त माहितीपुरता वापरायचा असेल तर एपीएत तो 'वैयक्तिक संवाद' म्हणून मजकुरातच नोंदवतात, सूचीत नाही. विभागाच्या नीतिसमितीची मंजुरी घेतली नसेल तर आताच चौकशी कर. बरीच नियतकालिकं तिचा क्रमांक मागतात, आणि तो मागाहून मिळत नाही.

निबंध पाठवायच्या आदल्या दिवशी सगळी संदर्भसूची मैत्रिणीच्या फोनवर, कुठेही लॉग-इन न करता, एकेक दुवा दाबत उघडून बघ. जो उघडत नाही त्याच्यापुढे जतन केलेल्या प्रतीचा पत्ता घाल. जो उघडून एखाद्या खासगी माणसाचं नाव दाखवतो तो खोडून डेटात हलव. मग ती यादी घेऊन सरांकडे जा.